पाण्याच्या कडेनं

सांगली,
१४ ऑक्टोबर १९७४

ती. आकाराममामा यांस,

विजूचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा आहे आणि ऊस तुटायला अजून अवकाश आहे असं आईकडून कळलं, म्हणून कामाचं पत्र लिहिते.

आमच्या कॉलेजात मी मुलींना खेळ आणि कवायत शिकवते, हे तुम्हाला माहीत आहेच. यंदा मुलींना डोंगरावर न्यायचं मी मनात घेतलं आहे. दिवाळी झाल्यावर नऊ मुली आणि मी, पाटणच्या वर वाघजाईच्या पठारावर जाणार. पायथ्याच्या शाळेत मुक्काम, सकाळी वर, संध्याकाळी खाली. प्राचार्यबाईंना तयार करण्यात माझे दोन महिने गेले. शेवटी म्हणाल्या, "जा, पण एकीचा जरी पाय मुरगळला तरी पुढच्या वर्षी लेझीमसुद्धा बंद."

आता मुलींच्या तऱ्हा ऐका. एक म्हणते, चढताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, म्हणून वर पोचेपर्यंत घोटही घ्यायचा नाही. दुसरीच्या वडिलांनी थंडीसाठी ब्रँडीची छोटी बाटली द्यायचं कबूल केलंय. चौघींनी नवे कॅनव्हासचे बूट घेतलेत आणि ते पहिल्यांदा डोंगरावरच घालायचे म्हणून कागदात गुंडाळून ठेवलेत. चढताना दम लागेल, पण उतरायला काय लागतं, असं तर सगळ्याच म्हणतात. मी त्यांना हसते, पण मलाही नीटसं काही येत नाही. मी मैदानावरची बाई. डोंगर लांबून पाहिलेला.

तुम्ही फौजेत होतात, आपल्या घरात डोंगर माहीत असलेले तुम्हीच एक. लहानपणी तुम्ही बर्फाच्या गोष्टी सांगायचात, त्या अजून आठवतात. तेव्हा सविस्तर लिहा. तुमचं पत्र मी मुलींना वाचून दाखवणार आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
विजू


उंब्रज, मळ्यातनं,
२२ ऑक्टोबर १९७४

चि. विजयमाला,

मामाचा आशीर्वाद. तुजं पत्र पोस्टमननं मोटंवर आणून दिलं. दोनदा वाचलं, मग तुज्या मामीला वाचून दावलं. आपली पोरगी पोरींची पलटण घिऊन डोंगरावर निगाली म्हणून लय बरं वाटलं.

पाणी पिऊ नगा म्हणणारीला माज्याकडं धाड. पाणी न्हाई पिलं की चालता माणूस गपकन बसतो, डोळ्यापुढं अंधारी येती. तहान लागायची वाट बघायची न्हाई, घोट घोट पीत ऱ्हायाचं. गारव्यात तहान कळत न्हाई, पर आंग सुकत असतंच. ती ब्रँडी पोरीच्या बापालाच पिऊ दे. पोटात ऊब वाटती, पर आंगातली ऊब कातड्याला येती आन् वाऱ्याबरुबर जाती. बूट आजपासनं घालून रोज दोन मैल फिरा. नवा बूट वर घातला म्हंजे आर्ध्या वाटंवर फोड आलाच समज.

उतरायला काय लागतं म्हणत्यात? माणूस घसरतो ते उतरतानाच. चढताना दम मोडतो, उतरताना गुडघा मोडतो. दिवस आर्धा सरला की माथा गावला असो नसो, मागं फिरायचं.

आन् ही गोष्ट काळजावर लिहून ठेव. जी पोरगी समद्यात हळू चालती तिला पुढं घालायचं. तिच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं. जोरकस पोरी मागं. न्हाईतर हळू चालणारी कवा मागं सुटली ते कुणाला कळत न्हाई.

आता धुक्याचं. कवा ढग खाली उतरला, वाट गावंना, तर भ्यायचं न्हाई. पाण्याचा आवाज ऐकायचा. वढा गावला की त्याच्या कडंकडंनं खाली उतरायचं. पाणी माणसाला गावात न्हेऊन सोडतं. एका जागी बसून ऱ्हायाचं न्हाई, बसला तो गारठला. हे मी बरफात शिकलोय. कुणी काईबी सांगू दे, माजा शब्द प्रमाण मान.

आक्काला सांग, पुढल्या महिन्यात गूळ धाडतो.

तुजा मामा,
आकाराम


सांगली,
२७ नोव्हेंबर १९७४

ती. मामा,

तुमच्या कानावर आलंच असेल. पेपरात चार ओळी आल्या होत्या.

मंगळवारी, १९ तारखेला, वाघजाईच्या पठारावर दुपारी ढग उतरला. वाट चुकली. पश्चिमेच्या कड्यावरून माझी एक मुलगी पडली. पद्मा ढोले. वय अठरा. माधवनगरच्या गिरणीतल्या शालूबाईंची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या दिवशी खालून कोकणाच्या बाजूनं माणसं गेली तेव्हा ती सापडली.

बाकीच्या आठजणी सुखरूप आहेत.

चूक माझी आहे. याहून जास्त लिहवत नाही. तुम्ही येऊ नका. इथे बोलण्यासारखं काही नाही.

विजू


उंब्रज,
२ डिसेंबर १९७४

चि. विजू,

पत्र वाचून दोन दिवस घास गेला न्हाई. दुसऱ्याची तरणीताठी पोर. तिच्या आईचं काय झालं आसंल?

पर मला राग बी आला, आन् तो लिवल्याबिगर ऱ्हावत न्हाई. तुला मी काय लिवलंवतं? वाट चुकली तर पाण्याच्या कडंनं उतर. साधी गोष्ट. तू ते केलं आसतंस तर आज ती पोर जित्ती आसती. कड्याला तू गेलीसच कशी? शिकली-सवरलेली बाई तू. मामानं तीन पानं लिवून धाडली ती काय चुलीत घालाय?

हितं चावडीवर मला माणसं इचारत्यात, हवालदार, तुमच्या भाचीकडनं आसं कसं झालं. मी काय सांगायचं? मी सांगितलं, म्या समदं नीट लिवून दिलंवतं, पोरीनं ऐकलं न्हाई. आक्कालाबी तसंच कळवलंय. खोटं कशाला बोलू?

तरीबी तब्येतीला जप. जेवत जा.

मामा


सांगली,
१५ डिसेंबर १९७४

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही रागावलात ते योग्यच आहे. आईनं तिला आलेलं तुमचं पत्र मला वाचून दाखवलं आणि त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिला यापुढे काही लिहू नका, एवढी विनंती करते.

संस्थेनं चौकशी समिती नेमली आहे. अध्यक्ष लालासाहेब. त्यांनी मला तीनदा बोलावलं. विचारलं, डोंगराचा अनुभव असलेल्या कुणाचा सल्ला घेतला होता का? मी सांगितलं, कुणाचाही नाही.

अहवालाचा मसुदा तयार आहे. मी वाचला. त्यात असं आहे की, सदर विद्यार्थिनी प्रमुखांच्या सूचना न पाळता इतरांना सोडून पुढे गेली आणि स्वतःच्या बेफिकिरीनं कड्यावरून पडली. लालासाहेब म्हणाले, "बाई, यावर तुम्ही सही करा. संस्थेची अब्रू राहील, तुमची नोकरी राहील. मुलींना विचारलं तर त्याही सांगतील की ती पुढे होती."

ती पुढे होती हे खरं आहे.

माधवनगरच्या चाळीत ही गोष्ट आधीच पसरली आहे. आई तिथेच राहते, तिच्या कानावर रोज येतं. नळावर बायका म्हणतात, शालूबाईची पोरगी आगाऊ होती, बाईंचं ऐकलं नाही, त्याचं फळ मिळालं. शालूबाई त्याच नळावर पाणी भरतात.

मी अजून सही केलेली नाही. ३१ जानेवारीपर्यंत मुदत आहे.

विजू


उंब्रज,
२३ डिसेंबर १९७४

चि. विजू,

'कुणाचाही नाही' हे वाचून मला बरं वाटलं न्हाई. मामाचं नाव घ्यायला लाज वाटली का तुला? माजं पत्र तुज्यापाशी हाय. ते म्होरं ठेव. त्यास्नी कळू दे की तू आडाणीपणानं गेली न्हाईस, फौजेतल्या माणसाला इचारून गेलीस.

सहीचं म्हणशील तर करून टाक. मला सांगायला जड जातंय, पर गेलेली पोर कागदानं परत येणार न्हाई. तुजी नोकरी गेली तर आक्काला कोण सांभाळणार? आन् ती पुढं पळाली आसंल तर तसं लिवण्यात पाप काय?

एक गोष्ट मात्र माज्या डोस्क्यातनं जात न्हाई. पाटणच्या वर एवढं पाणी हाय. पाऊस यंदा दिवाळीपतूर होता. मग तुला वढा गावला कसा न्हाई? मी रोज इचार करतोय. ऊस कारखान्याला गेला की जाऊन बगून येणार हाय. गुडघा काय व्हायचा तो होऊ दे.

मामा


उंब्रज,
१२ जानेवारी १९७५

चि. विजू,

मी गेलतो. परवा आलो. कालचा दिवस लिवायला बसलो आन् उठलो, बसलो आन् उठलो. आज लिवतो.

पाटणापतूर एसटीनं गेलो. तितनं पायथ्याला. तितं धुळा म्हणून धनगर हाय, त्याला गाठलं. तुला त्यो ठावा हाय, त्यानंच तुमाला सांजच्याला खाली आणलं म्हणं. मी म्हणालो, मी त्या बाईचा मामा, मला ती जागा दाव. त्यानं माज्याकडं लय येळ बघितलं. मग काठी उचलली आन् चालाय लागला.

चढायला चार तास लागले. तुज्या पोरींना दोन लागले आसतील. दर पन्नास पावलांवर मी बसत हुतो.  मला वाटलं, धुळा इचारंल की हवालदार, तुमी तर बरफातलं. पर त्यानं काय इचारलं न्हाई.

पठारावर ऊन हुतं. वाघजाईचं ठाणं बघितलं. तितनं पाण्याचा आवाज येतोय. मी म्हणालो, धुळा, हे पाणी हाय की हितं! मग पोरी पाण्यानं का न्हाई उतरल्या?

त्यो म्हणाला, "आवं, पाण्यानंच उतरल्या की."

मी थांबलो. त्यो म्होरं म्हणाला, "बाईंच्या हातात कागूद हुता. त्या पोरींना म्हणत हुत्या, मामांनी लिवलंय, वढ्याच्या कडंनं जायाचं. मागनं पोरींनीच मला सांगितलं." मग त्यानं मला वढ्यानं खाली न्हेलं. शे-दीडशे पावलं. वढा साधा, गुडघाभर पाणी. दोन्ही अंगाला कारवी. कुठं कायबी भ्यायसारकं न्हाई. एक वळाण घेतलं, आन् पाणी संपलं. म्हंजे संपलं न्हवं. कड्यावरनं खाली गेलं. मी पोटावर झोपून खाली बघितलं. खाली ढग हुता. तळ दिसला न्हाई.

धुळा म्हणाला, "ह्या पठारावर दोन तोंडाचं पाणी हाय. उगवतीचं कोयनंला जातं, त्याच्या कडंला गावं हायती. मावळतीचं समदं कोकणात उडी टाकतं. ढगात कुठलं कुठलं ते आमाला बी कळत न्हाई. म्हणून आमी ढगात बसून ऱ्हातो. घोंगडं पांगरायचं, एकमेकाला चिटकून बसायचं. ढग उठतो."

विजू, तितं त्या पाण्यात मी बसलो.  धुळ्यानं धरून उठवलं.

आता तुला एक सांगतो, ते मी तुज्या मामीलाबी कवा सांगितलेलं न्हाई. मी फौजेत डोंगर चढलो न्हाई. मी डायवर हुतो. तीन टनी गाडी चालवत हुतो. वीस वर्सं सडकंवर. डोंगर चढणारी पोरं माज्या गाडीत बसायची, उतरायची. ती बोलायची ते मी ऐकायचो. पाण्याचं, बुटाचं, ब्रँडीचं, हळू चालणाऱ्याला पुढं घालायचं, ते समदं त्येंचं. त्यातलं काय खरं काय खोटं ते पारखायला मी कवा गाडीखाली उतरलो न्हाई. वढ्याचं एक जवान सांगायचा. त्याच्या मुलखात तसं आसंल. रिटायर हून आलो तवा गावात सगळी म्हणाय लागली, बरफातला हवालदार. मी न्हाई म्हणालो न्हाई. आदी गंमत वाटली. मग सवय झाली. मग लहान पोरं जमायची, तू बी यायचीस सुट्टीत, तवा आणखी चार गोष्टी जोडल्या.

आन् तुला लिवलं, माजा शब्द प्रमाण मान.

तू ते केलंस. म्हणून ती पोर गेली. आन् मी तुला लिवलं की तू ऐकलं न्हाईस. चावडीवर सांगितलं. आक्काला सांगितलं. तू एका शब्दानं मला उलटून बोलली न्हाईस. तू समितीला 'कुणाचाही नाही' म्हणालीस ते लाज वाटून न्हाई, हे आता कळलं.

त्या कागदावर सही करू नगंस. माजं पत्र दाव. आता कशासाठी दाव म्हणतोय ते तुला सांगायला नको.

आकाराम


सांगली,
१८ जानेवारी १९७५

ती. मामा,

तुमचं पत्र मी खोलीचं दार लावून वाचलं. रडू आलं नाही. हलकं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत. ते तसं नाही. मीही तुमच्यापासून काही लपवलं आहे. आता तुम्ही वर जाऊन आलात, तेव्हा ऐका.

त्या सकाळी आम्ही पायथ्यापाशी भाकरी बांधून घेत होतो तेव्हा धुळामामा तिथून मेंढरं घेऊन चालले होते. आकाशाकडे बघून म्हणाले, "आज ढग यील. आला तर हलू नगा. आसाल तितं बसा, उठंपतूर." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, यांना काय कळतं. माझ्या पर्समध्ये हवालदार मामांचं पत्र होतं. ते मी मुलींना तीनदा वाचून दाखवलं होतं.

तुमचं बाकीचं सगळं आम्ही तंतोतंत पाळलं. पाणी घोट घोट प्यायलो. बूट आधी घालून मऊ केले होते. कुणालाही फोड आला नाही, कुणाला चक्कर आली नाही. पद्मा सगळ्यात हळू चालायची. अंगानं स्थूल, कॉलेजातून सुटल्यावर आईच्या हाताखाली घरकाम करणारी, मैदानावर कधी पळालेली नाही. म्हणून तिला मी सगळ्यात पुढे ठेवलं. पहिल्यांदा तिला लाज वाटली. मग तिला ते आवडलं. मागे वळून म्हणायची, "बाई, आज मी पुढारी." आम्ही तिच्या मागे ओळीनं चाललो आणि नऊच्या नऊ मुली वर पोचल्या. वाघजाईला नारळ फोडला तेव्हा मला वाटलं, जिंकले.

दीड वाजता ढग आला. मामा, तो येताना दिसलाच नाही. समोरची मुलगी होती, आणि मग नव्हती. हाका मारून सगळ्यांना एकत्र केलं. पंधरा मिनिटं वाट शोधली. मुली कुडकुडायला लागल्या. तेव्हा पद्मा म्हणाली, "बाई, त्या धनगरमामांनी बसायला सांगितलंय. आपण हितंच बसूया."

बाकीच्या हसल्या. म्हणाल्या, दमली आता पुढारी. मलाही तेच वाटलं. वाटलं, हिला चालायचा कंटाळा आलाय म्हणून बसूया म्हणते. मी तुमचं पत्र काढलं आणि तिला वाचून दाखवलं. बसला तो गारठला. ती म्हणाली, "बरं बाई." दुसऱ्यांदा काही बोलली नाही. पुढे झाली. तिची जागाच ती होती.

तो ओढा तुम्ही पाहिलात. त्या वळणावर ती थांबली. मी ओळीत चौथी होते. तिचा आवाज आला, "बाई, हितं खाली काय दिसत न्हाई. कुणी पुढं येऊ नगा." आडवा हात करून तिनं मागच्या मुलीला थोपवलं. मागे सरकायला म्हणून तिनं पाय उचलला, आणि शेवाळावरून तो गेला. ओरडली नाही. नुसता पाण्याचा आवाज राहिला.

तिनं हात आडवा केला नसता तर मागच्या दोघी गेल्या असत्या, कदाचित मीही. त्या मुलीबद्दल त्या कागदावर 'बेफिकिरी' असं लिहिलंय.

त्यानंतर आम्ही तिथेच बसलो, ओढ्यातून वर येऊन, एकमेकींना धरून. पाच वाजता ढग उठला. वाट समोर होती, ठाण्यापासून पन्नास पावलांवर. धुळामामा आम्हाला शोधत येताना दिसले.

म्हणून सांगते, तुमच्या पत्रानं मला ओढ्यावर नेलं हे खरं, पण त्याआधी दोन माणसांनी मला थांब म्हटलं होतं. एक मेंढरामागे होता म्हणून ऐकलं नाही, दुसरी हळू चालत होती म्हणून.

सही मी का केली नाही आणि खरंही का सांगितलं नाही, ते नीट सांगता येत नाही. तुमचं नाव नको यायला असं स्वतःला सांगत होते. पण खरं बोलले की शालूबाईंना कळणार, त्यांची मुलगी बसूया म्हणत होती आणि बाईनं तिला उठवलं. मला त्याची भीती वाटत होती. अजून वाटते.

विजू


उंब्रज,
२४ जानेवारी १९७५

चि. विजू,

कार्डावर जास्त मावत न्हाई. काल चावडीवर सांगितलं, मी डायवर हुतो. भाऊसो हासला, म्हणाला हवालदार चेष्टा करताय. मी पुन्ना सांगितलं. मग कुणी हासलं न्हाई. तुज्या मामीला घरी आदीच सांगितलंवतं. ती म्हणाली, मला ठावं हुतं, तुमाला जिना उतरताना चक्कर येती.

तीस तारखंला सकाळच्या गाडीनं सांगलीला येतोय. पत्र काढून ठेव. समितीम्होरं मी बोलणार. तू मला आडवू नगंस. तुजं तू सांग.

मामा


सांगली,
९ फेब्रुवारी १९७५

ती. मामा,

तुम्ही परतीच्या एसटीत बसलात त्यानंतर काय काय झालं ते कळवते. आधी संस्थेचं.

शुक्रवारी लालासाहेबांचं पत्र आलं. मार्चअखेरपासून मला कामावरून कमी केलंय. मुलींची कोणतीही सहल यापुढे डोंगराळ भागात जाणार नाही, असाही ठराव झाला. याचं मला नोकरीपेक्षा जास्त वाईट वाटतं. पण अहवालातलं ते वाक्य काढलंय. त्या जागी आता असं आहे की, सदर विद्यार्थिनीने थांबण्याची सूचना केली होती, ती मानली गेली नाही, आणि तिने सावध केल्यामुळे मागील विद्यार्थिनी वाचल्या. हे प्राचार्यबाईंनी स्वतः लिहून घेतलं. त्या दिवशी समितीपुढे तुम्ही टोपी काढून उभे राहिलात आणि लालासाहेब दोनदा 'बसा' म्हणाले तरी बसला नाहीत, ते पाहून त्या खिडकीकडे तोंड करून राहिल्या होत्या, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

आई बोलायला लागली. तुमच्यावर मात्र रागावली आहे. तो राग तुम्ही सोसा.

आता माधवनगरचं. तुम्ही म्हणालात, मी बरोबर येतो. मी नको म्हटलं, आणि तुमचा चेहरा पडला. तुमच्या आड उभं राहून मला ते सांगायचं नव्हतं, म्हणून नको म्हटलं.

गेल्या रविवारी दुपारी गेले. शालूबाई पहिल्या पाळीवरून आल्या होत्या. केसांत कापसाचे धागे तसेच होते. मला पाहून त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. पद्माचा फोटो भिंतीवर नाही. एकच होता, तो पेपरवाल्यांनी नेला तो परत आला नाही.

मी बोलायला सुरुवात केली. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. धुळामामांचं सांगितलं. ती पुढारी म्हणायची ते सांगितलं. ती बसूया म्हणाली आणि मी पत्र वाचून तिला उठवलं, हे सांगताना मी खाली बघत होते. म्हटलं, शालूबाई, तुमच्या मुलीचं बरोबर होतं. मी चुकले. मग ओढा, आणि तिचा आडवा हात.

सांगून झालं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तिनं सांगितलंवतं थांबा म्हणून?"

मी म्हटलं, "हो."

"आन् तुमी उठा म्हणालासा."

"हो."

"मग उठली. वाईट वाटून घ्यायची न्हाई ती. तशीच हुती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन महिनं झालं बाई, मी तिला रोज शिव्या देतीया. का गं पुढं पळालीस, का बाईंचं ऐकलं न्हाईस. झोपायच्या आदी, उठल्यावर. मेलेल्या पोरीला मी शिव्या दिल्या."

मला वाटलं आता त्या मला मारतील. मारलं असतं तर मी हात धरला नसता. पण त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. मी बसून राहिले. जावं की थांबावं कळेना. बाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता, एकेका दाराशी जाऊन हाक मारत होत्या. अगं ये हिराबाई. अगं शेवंता, शिवणाचं मशीन ऱ्हाऊ दे, हिकडं ये. नळावरच्याही बोलावल्या. काहींच्या हातात घागरी तशाच होत्या. दहा-बाराजणी आल्या. खोलीत मावेनात, तेव्हा दारात, ओट्यावर उभ्या राहिल्या. कोण आलंय ते बघून काहींनी पदर तोंडाला लावला.

शालूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणतील असं मला वाटतही नाही. नुसतं म्हणाल्या, "बाई, आता पयल्यापासनं सांगा. मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू गेलं पायजे."

मी उभी राहिले, आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

तुमची,
विजू